टेम्पोतून पेणला आलेला कॉम्प्युटर

आमचा छापखाना पेणला, रामवाडीत. नवरा मशीन चालवायचा, मी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. जवळच डोलवीला मोठी कंपनी आली आणि तिथली कंत्राटं घेणारे लेटरहेड छापायला आमच्याकडे यायला लागले. पण त्यांना कॉम्प्युटरची अक्षरं हवी असायची. "जुन्या अक्षरांचा कागद साहेब बघत पण नाय," म्हणायचे. शेवटी आम्ही खिळे मोडीत काढले आणि कॉम्प्युटर घेतला. तो ठेवला रोह्याजवळच्या अष्टमी गावात, धाकट्या बहिणीच्या घरी, कारण क्लास तिनेच केला होता. ती बटर पेपरवर एक प्रिंट काढून एसटीने पाठवायची. त्यावरून छपाईच्या जाळीची स्क्रीन बनवून आम्ही हाताने छापायचो.

त्या श्रावणात खाडीकाठच्या एका कंत्राटदाराला दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत लेटरहेडवर दर द्यायचे होते. बहिणीच्या गावात, अष्टमीला, वाऱ्याने विजेचे खांब पडलेले. तिने बूथवरून फोन केला.

"ताई, तुमच्याकडे लाइट हाय का?"

"हाय."

"मग मी सगळं घेऊनच येते."

दुपारी ती टेम्पोतून उतरली. मॉनिटर गोधडीत गुंडाळलेला, प्रिंटर मांडीवर धरून आणलेला. पोरं सासूकडे सोडली होती. आम्ही टेबलावर मांडामांड केली, वायरी जोडल्या. कंत्राटदार येऊन स्टुलावर बसला. पडद्यावर आपलं नाव बघून जरा लाजलाच. बहिणीने कळ दाबली, कागद अर्धा आत गेला आणि लाइट गेली.

नवरा सायकल काढून वीजमंडळाच्या ऑफिसात जाऊन आला. "कधी येईल ते त्यांनाच ठाऊक नाय."

एक पान निघालं असतं तर पुढचं सगळं हाताने झालं असतं. शाई होती, कागद कापून ठेवलेला होता. आम्ही नुसते बसून राहिलो.

कंत्राटदार उठला. "तुमचा काय दोष नाय, ताई. पण कंपनी माझ्यासाठी थांबायची नाय. पनवेलला जनरेटरवाला छापखाना हाय, तिकडं जातो."

तो गेल्यावर बहिणीने विचारलं, "ताई, आपण अजून काय करायला हवं होतं?"

मी कापलेला कागद परत गठ्ठ्यात बांधून ठेवला.

लाइट दिवेलागणीनंतर आली. बहिणीने तरीही प्रिंट काढला. अक्षरं सुरेख आली होती.

पुढे त्या कंत्राटदाराच्या ओळखीतले बाकीचेही पनवेललाच जायला लागले. आमच्याकडे लग्नपत्रिका उरल्या, त्याही उन्हाळ्यापुरत्या.