व्याह्यांसमोर खोललेली जीप

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच सुमारास मी जुनी जीप घेतली. लिलावात घेतली. (बोली लावणारा मी एकटाच होतो, हे मला तेव्हा नशीब वाटलं होतं.) जीपबरोबर पान्ह्यांचा एक संच फुकट मिळाला आणि त्या दिवसापासून मी मेकॅनिक झालो.

त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. आम्ही सगळे टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेले, आणि त्यातच आमच्या वंदीचं जमत आलं. मुलगा देवणीजवळच्या गावचा, मास्तर. त्यांनी मुलगी पसंत केली होती. आता आम्ही त्यांचं घर बघून यायचं, की लग्न ठरलं. आधीच्या पाच स्थळांना नाक मुरडणारी वंदी मला निघताना म्हणाली, "दादा, गाडी नीट चालव. आणि तिथं जास्ती बोलू नको." मुलगा तिला फार आवडलाय, एवढं मला कळलं.

जीपमध्ये मी, आमचे वडील अण्णा आणि आई. मुलाचे वडील माणिकराव कामानिमित्त शिरूर अनंतपाळला आले होते. ते तिथं चढून रस्ता दाखवणार होते. ठरल्याप्रमाणे ते चढले, माझ्याशेजारी बसले. पुढं डांबर संपलं, कच्चा रस्ता लागला आणि आवाज सुरू झाला.

टण्ण. गुडूप. टण्ण टण्ण. गुडूप.

"काय वाजूलालंय?" माणिकरावांनी विचारलं.

"व्हॉल्व्ह," मी म्हणालो. (व्हॉल्व्ह नेमका कुठं असतो याचा मला अंदाज होता. अंदाजच होता.)

गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. आवाज बंद. निघालो, पुन्हा टण्ण. थांबलो, पुन्हा बंद. कुठल्याही शहाण्या माणसाला यावरून काहीतरी सुचलं असतं. मला एवढंच सुचलं, की दोष लबाड आहे. मला बघितलं की गप्प बसतो.

मागून आई म्हणाली, "वाजू दे की रे. तुझ्या बापाचे गुडघे सुदीक वाजतेत, त्येला कुणी खोलतंय का?"

"आई, यातलं तुला काय कळतंय?"

आईचा चेहरा पडला. मी टाकून बोललो म्हणून असेल, असं मला वाटलं.

माणिकराव बराच वेळ कान देऊन ऐकत होते. "ह्ये गुडूप गुडूप पान्याचं वाटतंय बगा," ते म्हणाले. झालं! मला पक्कं कळलं: पाण्याचा पंप. पंप खोलायचा तर आधी रेडिएटर रिकामा करायला हवा. मी गाडी थांबवून खालची तोटी सोडली. भांडं लावायचं ते सोडल्यावर आठवलं.

पाणी भळाभळा वाहिलं. ऐन दुष्काळात आम्ही चौघं ते जमिनीत जिरताना बघत उभे होतो. मग मी पंप खोलला. पंपाला काहीही झालं नव्हतं. तो परत बसवेपर्यंत माझे हात कोपरापर्यंत काळे झाले आणि ऊन डोक्यावर आलं.

अण्णा जवळची विहीर बघून आले. "तळाला कुणाची तरी चप्पल दिसूलाली," ते म्हणाले.

माणिकरावांनी टोपी काढून घाम पुसला. "आज काय योग दिसंना. घरी मानसं खोळंबली असतील, म्या चालत फुडं जातो. बगू म्हनं फुडल्या म्हैन्यात."

लग्नाच्या बोलण्यांत पुढल्या महिन्यात म्हणजे काय, हे आमच्याकडं पोरासोरांनाही कळतं. घरी वंदीला तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात आई जीपमध्ये चढली. वाकली. मागच्या बाकाखालून तिनं पितळेची घागर ओढून बाहेर काढली. घागर निघताना बाकाच्या लोखंडी पायाला लागली. टण्ण. आतलं पाणी हललं. गुडूप.

शिरूरपर्यंत आईनं ती पदराखाली मांडीवर धरली होती. माणिकराव चढताना दिसले तशी तिनं ती बाकाखाली सारली होती. पाहुण्याच्या घरी जाताना आपलं पाणी न्यायचं म्हणजे त्याच्या तोंडावर अपमान करणं. त्यापायी ही बाई माझं इंजिन खोललेलं तासभर बघत बसली होती.

माणिकराव लालबुंद झाले. "अक्का, आमी तुमाला पानी पाजलं नसतं का?"

"पाजलं असतं की, भाऊ," आई म्हणाली. "पर तुमच्या घरच्या बायांनी ते कुठून आनलं असतं, त्ये मला ठावं हाय. म्या बी रोज त्येच करते."

माणिकरावांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "सकाळपासून शिरूरला टँकरच्यापायीच हिंडलो. टँकर उद्या येतो म्हनले. पाव्हन्याम्होरं काय ठिवावं, ह्याच घोरात हुतो." आणि ते हसायला लागले. डोळे पुसत हसले. आईही हसली. मला त्या क्षणी दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं. (हात काळे होते म्हणून राहिलं.)

तांब्याभर पाणी चहाला ठेवून बाकीचं रेडिएटरला पाजलं. निघालो. आवाज बंद.

"बघा, पाणीच कमी होतं," मी म्हणालो.

"घागर तिच्या मांडीवर हाय," अण्णा म्हणाले.

माणिकरावांच्या घरी पोचलो. हात धुवायला पाणी मागायची कुणाचीच हिंमत नव्हती, माझी तर मुळीच नाही. मुलाच्या आत्या कंधारहून मुद्दाम आल्या होत्या. माझे हात बघून त्यांनी विचारलं, "ह्यो कोन?"

माझ्या जन्मदात्या आईनं पापणी न हलवता सांगितलं, "डायवर."

मी ओट्यावर बसून चमच्यानं मुरमुऱ्यांचं सुशीला खाल्लं. आत लग्न ठरलं.

लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरदेवाचा कान पिळायला मी ऐटीत पुढं झालो, तोच आत्यांनी माझा हात वरच्यावर धरला आणि भर मांडवात म्हणाल्या, "थांब रं. ह्यो मान नवरीच्या भावाचा असतोय. डायवरला टोपी-टावेल न्यारा ठिवलाय."

मी वंदीकडं बघितलं. हा माझा भाऊ आहे, हे सांगायला तिनं जरा वेळच लावला.