शेवटच्या नंबराचा मान

चर्चच्या पुरुष मंडळात बेकरीवाल्याचा गोल्फ हा हसण्याचा विषय होता. काठी तो भट्टीतलं फावडं धरावं तशी धरायचा आणि चेंडू जिकडे झाडी दिसेल तिकडे बिनबोभाट जाऊन बसायचा. पण मंडळाच्या वार्षिक सामन्यात हसणाऱ्यांनी जपूनच हसावं, कारण तिथला नियम उफराटा होता. चांगलं खेळणारे फारच भाव खायला लागले, तेव्हा पाळकांनीच तो काढला होता. खेळायचे पैसे सगळ्यांनी भरायचे, जिंकेल त्याला टाळ्या, आणि जमलेली रक्कम गावातल्या कुठल्या संस्थेला द्यायची हे शेवटच्या नंबराने सांगायचं. आधी कुणी कुणाच्या कानाशी लागायचं नाही. गेली काही वर्षं हा मान बेकरीवाल्याने एकट्याने राखला होता, आणि दर वेळी स्वतःशी काडीचा संबंध नसलेल्या संस्थेचं नाव घेतलं होतं.

यंदा मात्र त्याला शेवटचा नंबर हवाच होता. बायकोला विसरण्याचा आजार जडला होता आणि वर्षभर तिला नवराही ओळखू येत नव्हता. दिवसा ती अशाच माणसांना सांभाळणाऱ्या एका केंद्रात असायची. सकाळी केंद्राची गाडी दाराशी येऊन तिला न्यायची. ती गाडी आता कायमची बंद पडली होती, आणि नवी घ्यायला केंद्राकडे दमडी नव्हती. स्वतः पोचवावं, तर बेकरीवाला पहाटेपासून भट्टीला बांधलेला. बेकरीत ठेवावं, तर ती परक्या माणसाजवळ दिवसभर बसायची नाही, आणि आपण तिला परकेच, असं तो धरून चालला होता. उरला बाहेरगावचा आश्रम. त्याचं नाव काढायलाही तो तयार नव्हता. मंडळात कुणाला सांगावं, तर हात पसरणं स्वभावात नव्हतं, आणि नियमही आडवा येत होता.

आणि नेमका याच वर्षी मेला खेळ सुधारला. रविवारी दुपारी तो तिला मैदानावर फिरायला न्यायचा. लग्नाआधी तिनेच त्याला खेळायला शिकवलं होतं. माणसं विसरली तरी तिचे हात काठीला विसरले नव्हते. कुण्या नवशिक्याचा करावा तसा ती त्याचा खांदा सरळ करायची, आणि तोही निमूटपणे शिकायचा. या शिकवणीनेच घात केला.

सामन्याच्या दिवशी ती शेवटच्या होलपाशी बाकावर बसली होती. मंडळातले दातांचे डॉक्टर दोनदा तळ्यात चेंडू घालवून आले होते आणि त्यांचा खेळ आटोपला होता. बेकरीवाल्याचा चेंडू होलपासून हातभर अंतरावर होता. तो आत गेला तर डॉक्टर शेवटचे. दोनदा चुकला, तर आपण. खोटेपणाची सवय नसल्याने त्याचे कान तापले. मनातल्या मनात देवाची माफी मागून त्याने काठी जराशी डावीकडे वळवली.

"ढब्बू," बाकावरून आवाज आला, "परत मुद्दाम चुकवतोयस. मला असलं जिंकणं नकोय, सांगून ठेवते."

लग्नाआधी तो तिला असाच जिंकू द्यायचा आणि दर वेळी पकडला जायचा. ढब्बू हे नाव त्याच्या कानावर पडल्याला वर्ष उलटलं होतं. त्याने वळून पाहिलं. ती रागावून त्याच्याकडे, त्याच्याचकडे, बघत होती. आता चुकवणं त्याच्याने होणार नव्हतं. चेंडू सरळ आत गेला.

डॉक्टरांनी मोकाट जनावरांच्या निवाऱ्याचं नाव घेतलं. तिथलं छप्पर गळत होतं, मागणी रास्तच होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बेकरीवाल्यानेही वाजवल्या. यंदा गादी सोडलीत म्हणायची, असं पाळकांनी त्याला चिडवलं. तो कसनुसं हसला आणि बायकोचा हात धरून निघाला.

गाडीत ती अजून त्याची होती. किती वेळ, कोण जाणे, म्हणून तो सावकाश चालवत होता. चेंडू आत गेला ना, मग तोंड का पाडलंय, असं तिने विचारलं, तेव्हा आजवर कुणाला न सांगितलेलं सगळं त्याने तिलाच सांगून टाकलं. तिचा आजार, केंद्राची गाडी, आश्रम. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"गाडी नाही तर नाही," ती म्हणाली. "मी त्या पाववाल्याकडे बसेन."

"कुठल्या पाववाल्याकडे?"

"असतो ना रोज सकाळी. भुवयांना पीठ लागलेलं असतं बघ. मला गरम पाव देतो, पैसे घेत नाही. केसही विंचरून देतो. भांग वाकडा पाडतो, पण भला माणूस आहे." तिने त्याच्या हातावर थोपटलं. "तू नको काळजी करूस. तो मला हाकलायचा नाही."

बेकरीवाल्याला समोरचा रस्ता दिसेना. त्याने गाडी कडेला घेतली.

"नाही," तो म्हणाला, "नाही हाकलायचा."