बाबांचं फ्रेंच

फ्रान्समध्ये दुकानात शिरलात की आधी बोंजूर म्हणायचं, मग बाकीचं. मला हे पहिल्या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं. बेकरीत गेले, पावाकडे बोट दाखवलं आणि 'तो एक' म्हणाले. काउंटरमागच्या बाईनं माझ्या आरपार बघत मागच्या म्हाताऱ्याला हसून बोंजूर केलं. त्याचा पाव बांधला, त्याच्यामागच्या बाईचा बांधला, आणि मी आपली तिथे बोट दाखवत उभी. जगाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या पामर्स्टन नॉर्थमध्ये, कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे वाण्याच्या दुकानात, जँडल नावाच्या रबरी चपला फटफटवत जा, दूध उचल, पैसे ठेव, गल्ल्यावरचा पोरगा 'स्वीट ॲज', म्हणजे 'झकास', म्हणणार आणि विषय संपला. तिथे नाही चालत. तिथे आधी माणूस असल्याचं सिद्ध करावं लागतं.

मी चीजमधल्या जिवाणूंवर काम करते. पामर्स्टन नॉर्थची आमची संस्था मला त्या वर्षांत दर दीड-दोन वर्षांनी फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या एका गावातल्या प्रयोगशाळेत महिनाभर धाडायची. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणायच्या, 'अगं, काय नशीब बाई तुझं! पॅरिस!' कसलं पॅरिस नि कसलं काय. स्टेशनातून स्टेशनात, आणि पुढे गायीच गायी. आमच्या मॅनावाटू भागातही गायीच बघत होते.

पण चार खेपांत शहाणी झाले. दुपारी दोन वाजले की जेवण विसरायचं. स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद, तुम्ही त्यांच्या दारात चक्कर येऊन पडलात तरी ते वरून पाय टाकून जातील. शाकाहारी म्हटलं की मासा आणतात, तोही मोठ्या कौतुकानं. गाडीत चढायच्या आधी फलाटावरच्या पिवळ्या यंत्रात तिकीट घालून ठसा उमटवायचा, नाहीतर तिकीट असूनही तुम्ही फुकटे. रविवारी आजारी पडू नये. सोमवारी पाव आणायला जाऊ नये. आणि सकाळी प्रयोगशाळेत गेल्यावर एकूण एक माणसाशी हात मिळवायचा. एखादा राहिला तर तो आठवडाभर तुमच्या परीक्षानळ्या धुवायच्या विसरतो.

बोलणंही असंच शिकले, अपमान होत होत. माझं फ्रेंच म्हणजे चीजवाल्यांचं, बस ड्रायव्हरांचं, प्रयोगशाळेतल्या चहाच्या सुट्टीतलं. धेडगुजरी, पण धावतं.

आता गंमत अशी की माझे बाबा पुण्यात फ्रेंचचे मास्तर होते. उभा जन्म त्यांनी फ्रेंच शिकवलं. सकाळी शाळेत, संध्याकाळी घरी शिकवण्या. आमच्या दारात कायम परक्या पोरांच्या चपला. आणि ते स्वतः कधी फ्रान्सला गेले नव्हते. त्यांना शिकवणारेही गेले नव्हते. पुण्यात त्या काळी त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. आमच्याकडे भाषा क्रियापदांच्या तक्त्यांनी शिकायची, पाढ्यांसारखी, खणखणीत आवाजात, सगळ्या वर्गानं एकदम. जो अडखळेल त्यानं बाकावर उभं राहायचं आणि हात पुढे करायचा. बाबांची पट्टी सागवानी होती आणि ती आडवी नाही, उभी बसायची.

मी त्यांच्याच वर्गात होते. आठवीत एकदा तक्ता म्हणताना अडले. बाबांनी मला मारलं नाही. वर्गाकडे वळून म्हणाले, "ही माझी मुलगी आहे. कुणाला सांगू नका." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. दहावीनंतर मी फ्रेंच सोडलं, दुधाकडे वळले, आणि पुढची कितीतरी वर्षं घरात माझा उल्लेख 'आमची गवळण' असा होत राहिला.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. पामर्स्टन नॉर्थला शिव्या घालत घालत रुळले. वाऱ्याला शिव्या, सपाट रस्त्यांना शिव्या, माझ्या मुलीला मराठी समजून ती इंग्रजीत उत्तर देते म्हणून तिला शिव्या. माझं फोनवरचं फ्रेंच एकदा त्यांच्या कानावर पडलं. फोन ठेवेपर्यंत दम धरला आणि म्हणाले, "मंडईत कोथिंबिरीची जुडी मागतेस का ग? काळ नाही, लिंग नाही, काही नाही." मी म्हटलं, "त्यांना कळतं, बाबा." तर म्हणे, "कुत्र्यालाही कळतं."

त्याच वर्षी माझी पाचवी खेप ठरली. एके दिवशी जेवताना, भाताकडे बघत, बाबा म्हणाले, "मलाही ने. मला बघायचं काही नाही. तो मनोरा नको, ती चित्रं नकोत. नुसता बोलून येतो."

एवढंच मागणं होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एकदा, कुणातरी खऱ्या फ्रेंच माणसाशी, फ्रेंचमध्ये बोलायचं होतं. उत्तर फ्रेंचमध्ये यायला हवं होतं. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट, म्हणून मी नवऱ्याचं न ऐकता हो म्हटलं. नवरा म्हणत होता, "नेऊ नकोस. तुला माहितीये काय होणार ते." माहिती होतंच मला. म्हणून तर नेलं.

पॅरिसच्या स्टेशनात मी सामानापाशी थांबले आणि बाबा खिडकीशी गेले. कोटाचं बटण लावलं, खाकरले, आणि दोन तिकिटांसाठी असं काही लांबलचक, नक्षीदार वाक्य बोलले की दरबारात अर्ज करावा. खिडकीतला माणूस ऐकत राहिला. मग इंग्रजीत म्हणाला, "टू? वन वे?"

"घाईत होता," बाबा परत येऊन म्हणाले.

गावातल्या बेकरीतली पोरगी इंग्रजीत बोलली. "शाळकरी पोर, इंग्रजीचा सराव करत असेल." कॉफीच्या दुकानातला पोऱ्या इंग्रजीत बोलला. "इंग्लंडचा असावा, तोंडावळा तसाच होता." तिथल्या तिथे मी माझं मोडकंतोडकं काहीतरी बोलले, तर त्याच पोऱ्यानं मला फ्रेंचमध्ये उत्तर दिलं, वर काहीतरी टोमणाही मारला आणि आम्ही दोघं हसलो. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या वाक्यात क्रियापदच नव्हतं." मी म्हटलं, "नव्हतं. कॉफी मात्र आली."

शनिवारी गावचा बाजार भरला. आता फ्रान्सच्या बाजाराचा पहिला नियम असा की मालाला हात लावायचा नाही. आपण मागायचं, त्यांनी द्यायचं. हे मी बाबांना विमानात सांगितलं होतं, गाडीत सांगितलं होतं, त्या सकाळी दारातून निघताना सांगितलं होतं. पण भाजी न हाताळता घेणं म्हणजे पुणेकराच्या लेखी गळा कापून घेणं. मी पलीकडे चीज घेत होते आणि वळून बघते तो बाबा फरसबीच्या ढिगापुढे उभे, आणि एकेक शेंग उचलून टोक मोडून बघताहेत. कट्. कट्. कट्. कोवळी आहे की नाही ते बघायला नको? मंडईत भेंडी बघतात तसं.

भाजीवाली दांडगी बाई होती. ती कमरेवर हात ठेवून बाबांवर जी सुटली! शेजारची गिऱ्हाइकं हसायला लागली. आणि बाबा? बाबांचा चेहरा असा उजळला की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आईबरोबरच्या जुन्या फोटोंतसुद्धा नाही. ती थांबल्यावर त्यांनी किंचित वाकून तिचे आभार मानले. बाईसाहेब, आपली फार कृपा आहे, असं काहीतरी. बाजार खो खो हसला.

बाबा माझ्याकडे जवळजवळ धावत आले. "बघितलंस? बोलली! घडाघडा बोलली. इंग्रजीचा एक शब्द नाही. फरसबी आजच तोडलेली आहे म्हणाली."

तिथे गप्प बसता आलं असतं. मी नाही बसले. म्हटलं, "ती म्हणाली, हात काढ म्हाताऱ्या. मोडलेल्या शेंगा तुझ्या घरी पाठवू का? घ्यायचं नसेल तर भाजीशी चाळे करू नकोस. आणि ह्याला कुणीतरी घरी घेऊन जा रे, असंही म्हणाली." शब्दाला शब्द सांगितला, एकही गाळला नाही. भाषांतर असंच करायचं, हे बाबांनीच शिकवलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. उन्हात उभं राहून इतकं बरं वाटलं की भूक लागली.

बाबांच्या मुठीत एक मोडकी शेंग होती, ती त्यांनी खिशात टाकली.

त्यानंतर ते बाहेर पडले नाहीत. मी प्रयोगशाळेतून येई तेव्हा भाड्याच्या खोलीत खिडकीशी बसलेले असत. फ्रेंच बोलले नाहीत, माझ्या चुका काढल्या नाहीत. खाली चला म्हटलं तर म्हणायचे, "काय करू येऊन?" घरमालकीण जिन्यात भेटून बोंजूर म्हणाली तरी नुसती मान हलवायचे. मला सांगायला हवं होतं ते सांगून झालं होतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ते पलंगावरून उठेनात. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मुतखडा. पुण्यात दोनदा झाला होता, त्यामुळे काय आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं. मी प्रयोगशाळेत कळवलं आणि त्यांना धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

तिथे मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "मी सांगतो," म्हणाले. खुर्चीत बसले नाहीत. टेबलाची कड धरून उभे राहिले, ताठ, वर्गात उभे राहायचे तसे, आणि बोलायला लागले. मला सगळं कळत होतं. कुठे दुखतं, केव्हापासून, कळ कशी येते आणि कुठे उतरते, पूर्वी काय उपचार झाले होते. एक चूक नाही. मी चूक शोधत होते हो, सवयीनं, आणि एक सापडली नाही. फक्त प्रत्येक अक्षर सदाशिव पेठेतलं होतं. मध्ये कळ आली तेव्हा थांबले, ओठ चावला, आणि अर्धवट राहिलेलं वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुरं केलं.

डॉक्टरीणबाई वाईट नव्हती. मन लावून, भुवया जवळ आणून, शेवटपर्यंत ऐकलं तिनं. मग माझ्याकडे वळून हळू, सौम्य आवाजात, फ्रेंचमध्ये विचारलं, "हे कोणती भाषा बोलतात?"

हे मात्र बाबांना समजलं. ती त्यांच्यासाठी बोलत नव्हती, तरी स्पष्ट बोलली होती. मी बाबांकडे बघितलं. ते टेबलाची कड सोडून खुर्चीत बसले, अगदी सावकाश.

"मराठी," मी म्हटलं.

"डावीकडे दुखतंय म्हणावं," बाबा मराठीत म्हणाले. "सकाळपासून. सांग तिला."

मी सांगितलं. बाईनं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि आम्ही निघताना बाबांचा खांदा थोपटून मोठ्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, "गुड! व्हेरी गुड!" लहान मुलाला म्हणतात तसं.

खडा दोन दिवसांत पडला. आम्ही परत आलो. बाबांनी घरात त्या प्रवासाचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. नवऱ्यानं विचारलं तर मी म्हटलं, छान झालं सगळं.

मग मंडळाचा गणपती आला. शाळेच्या हॉलमध्ये पंगत बसली होती, कागदी ताटल्या मांडीवर घेऊन. मंडळात नव्यानंच आलेली एक बाई बाबांपाशी येऊन बसली. तिची मुलगी इथल्या शाळेत फ्रेंच घेत होती आणि 'हीप्स', म्हणजे खूपच, आवडायचं म्हणे तिला. "काका, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत असं ऐकलं. आता तर फ्रान्सलाही जाऊन आलात. आमच्या लेकीला आठवड्यातून एकदा शिकवाल का?"

"मला फ्रेंच येत नाही," बाबा म्हणाले.

बाई हसली. तिला वाटलं, विनय. "काहीतरीच काय, काका! जन्मभर शिकवलंत ना?"

"शिकवलं," बाबा म्हणाले. "मारून मारून शिकवलं. येत नाही." मग हातातल्या मोदकानं माझ्याकडे खूण केली. "हिला येतं. हिला विचारा."

आठवीतल्या त्या दिवसापासून मी हे ऐकायला थांबले होते. असंच, चार लोकांत, त्यांच्या तोंडून. आणि ऐकलं तेव्हा मी मांडीवरची ताटली खाली ठेवली. मी म्हटलं, "असं काय म्हणता, बाबा? तुमच्यासारखं शुद्ध फ्रेंच मला कुठे येतं? त्या डॉक्टरसमोर तुम्ही एक चूक केली नाहीत. एकसुद्धा. मी ऐकत होते ना."

"हो?" बाबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग हे तू त्या डॉक्टरीणबाईला का नाही सांगितलंस?"