हर्मानच्या पणजोबांना हार

आता कुठून सुरुवात करू? मंडळाच्या अध्यक्षपदाची स्वप्नं पडत होती हो मला, आणि तिथंच सगळा घोळ झाला!

म्हणजे बघा, रियाधमधल्या आमच्या मराठी मंडळाचं वार्तापत्र मी काढायचो. संपादक मी, मुद्रक मी, घरोघरी वाटणाराही मीच! त्यात ऑफिसातल्या अमेरिकन हर्मानने आपल्या पणजोबांची गोष्ट सांगितली. जर्मनीतून बोटीने अमेरिकेला गेले, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, अग्रलेखांनी गाव पेटवलं आणि थेट राज्याच्या विधानसभेत निवडून गेले!

मी खुर्चीतून उडालोच. संपादक ते आमदार! अहो, ही तर माझीच गोष्ट, फक्त आमदारकी तेवढी राहिलेली!

ठरलं. अध्यक्ष निवडायच्या सभेतच पणजोबांचं प्रतिमापूजन, मग माझं भाषण. हर्मान प्रमुख पाहुणा.

"पणजोबांचा फोटो दे," मी म्हटलं. त्याने दिला. जुना कोट, उंच टोपी, भरघोस मिशा.

"हा ना, आमच्या गावच्या नाटकात..." तो सांगायला लागला.

"खलास! कळलं!" मी निघालोसुद्धा. पुढारी व्हायचं तर ऐकून घ्यायची सवय सोडावीच लागते, नाही का?

घरी बायको म्हणाली, "अहो, हा हुबेहूब हर्मान दिसतोय."

"रक्त आहे ते, रक्त!" मी ठणकावलं.

सभा आमच्याच घरच्या हॉलमध्ये, अल मलाझ भागात. पडदे ओढलेले, मंडळी दाटीवाटीने बसलेली. फोटोला चंदनाचा हार, पुढे उदबत्ती. मी गहिवरून म्हणालो, "या थोर दिवंगत आत्म्यासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या!"

सगळे उठले. उशिरा आलेला हर्मानही मागे मान खाली घालून उभा राहिला.

आमच्या रत्नागिरीच्या दाऊदभाईंनी हळूच मागे पाहिलं, मग फोटोकडे.

"या अल्ला! अरे, ह्यो मयत तर मागं उभा हाय!"

सगळे वळून आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर हर्मान खूश! म्हणाला, "नाटकात पणजोबा मीच झालो होतो. तेच सांगत होतो. पण हा हार किती सुंदर! कुणाला घालता तुम्ही?"

बायकोने सांगितलं, "मेलेल्या माणसाला."

हॉल असा फुटला हसून, की खालच्या मजल्यावरचे बघायला आले! तेवढ्यात दाऊदभाईंनी मतदान पुकारलं. माझं भाषण? ते खिशातच राहिलं.

माझ्या बाजूने एकच हात वर झाला. हर्मानचा. पाहुणा म्हणून त्याला मतच नव्हतं!

बायकोला होतं. पण तिचे दोन्ही हात हसू दाबण्यात गुंतले होते.