जमुनामावशीच्या गुडघ्यांसाठी हीटर

अकोल्यात विमानाला हीटर बसवायचा, हे ऐकून माझ्या ऑफिसातले लोक पोट धरून हसले. हसणारच. मे महिन्यात इथं नळाचं पाणी अंगावर घेववत नाही, आणि आमच्या घरात हीटरची झडप कोणती घ्यायची यावर महिनाभर खल चालला होता. पण तो हीटर कोणासाठी होता हे मला माहीत होतं, म्हणून मला हसू आलं नाही.

तो माझ्या जमुनामावशीसाठी होता. थंडीत तिचे गुडघे धरतात. तीस वर्षं ती अकोल्यात कूलर बनवते आहे. पत्रा कापायचा, वाकवायचा, रिव्हेट मारायचे, सगळं स्वतः. तिचा नवरा, सूर्यभानकाका, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. बारा वर्षांपूर्वी त्यानं नोकरी सोडली आणि परदेशातून नकाशे मागवून पातूर रोडवरच्या टिनाच्या शेडमध्ये विमान बनवायला घेतलं. एकामागे एक अशा दोन सीटा. घर मावशीच्या कूलरवर चाललं, आणि विमानही. हे काका कधी कोणाला सांगत नाही, म्हणून मी सांगते.

त्यानं मावशीला शब्द दिला होता. माझ्यासमोर दिला होता. “पयली फेरी तुह्यासंगं, जमुने. डिसेंबरात सकाळी हवा शांत रायते. वरती थंडी लागन तुले, तं हीटर लावू.” त्या दिवसापासून मावशी मागच्या सीटची गादी शिवायला बसली. जांभळ्या लुगड्याची, कडेला दुहेरी टाका.

इंग्रजी मी वाचायची, कारण त्या दोघांना ते जमत नव्हतं. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीभोवती पत्र्याची खोळ असते, तिच्यातून गेलेली हवा तापते आणि झडपेतून आत येते. ती झडप इंजिन आणि माणूस यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीत बसते. मावशीनं हे एकदा ऐकलं आणि म्हणाली, “एवढंच नं? मी घरीच बनवतो.” दुकानात जे लागेल ते जस्ती पत्र्यातून कापायचं, ही तिची सवय. तिनं अर्ध्या तासात नमुना बनवला आणि गॅसवर धरला. पांढरा धूर निघाला, आमचे दोघींचे गळे धरले, डोळ्यांतून पाणी. खिडकी उघडून ती म्हणाली, “कूलरचा पत्रा हाय हा. याले गार रायची सवय. हे नाई चालत.”

मग विकतची घ्यायचं ठरलं. काकाला ॲल्युमिनियमची हवी होती, कारण हलकी. मावशीनं वाद घातला नाही. ॲल्युमिनियमचा एक तुकडा आणि स्टीलचा एक तुकडा वेल्डिंगच्या ज्वालेखाली धरले. पहिला ओल्या पापडासारखा लोंबला आणि खाली गळला. दुसरा नुसता लाल झाला.

“इंजिनाले आग लागली तं तुमी समोर असान,” ती म्हणाली. “झडप वितळली तं जाळ सीधा तुमच्या पायावर. स्टीलचीच घ्या. अन् बंद केल्यावर गरम हवेले बाहेर रस्ता पायजे, कोंडली तं खोळ जळन.”

शाळेत सातवीपर्यंत गेलेली बाई. पुस्तकातही हेच लिहिलं होतं. काका कुरकुरला आणि हो म्हणाला.

रविवारी शेडमध्ये मी मोबाइलवर ऑर्डर भरायला बसले. मावशी बाजूला गादीचा शेवटचा टाका घालत होती. फॉर्मवर विचारलं होतं: तोंडं किती? एक असेल तर गरम हवा फक्त पुढच्या सीटला जाते, दोन असतील तर मागेही एक पाइप नेता येतो. मी दोनवर खूण करून मोकळी झाले होते. उगाच वाचायचं म्हणून मोठ्यानं वाचलं.

“एक,” काका म्हणाला.

“अन् मागं?” मी विचारलं.

“मागं कोनी बसनार नाई. तिथं पेट्रोलची दुसरी टाकी येते.” मग माझ्याकडे न पाहता, “तुह्या मावशीनं स्टील घ्याले लावलं. वजन वाढलं. कुठून तरी कमी करा लागन नं.”

“काका, तीनशे ग्रॅम वाढलं फक्त.”

“तुले काय समजते त्यातलं?”

समजत होतं. त्याच्या मागे कोपऱ्यात गोणपाटाखाली ती टाकी होती. मी जाऊन गोणपाट काढलं. खोक्यावर दिवाळीआधीची तारीख होती. तेव्हा झडपेचा विषयसुद्धा निघाला नव्हता. म्हणजे या माणसानं आधीच ठरवलं होतं, आणि दोष मात्र तिच्या माथी मारला. मी ते तारखेसकट बोलून दाखवलं.

मावशीनं दातानं दोरा तोडला. “एकच लिही, आकांक्षा.”

परत येताना स्कूटीवर मी तिच्यावरच चिडले. “काहून चूप बसली तू?”

“बारा वर्सं घर चालवलं तेवा नाई बोलली,” ती म्हणाली. “आता एका सीटसाठी भांडू?” मला तिचा राग आला, आणि त्याच्याहून जास्त माझा, कारण ‘एक’वर खूण मीच केली होती.

झडप आली. ती मावशीनंच बसवली, कारण तिच्याइतका साफ हात काकाचा नाही. धूर आत येऊ नये म्हणून तिनं कडेनं न जळणारा मसाला दोनदा भरला, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा भरला. गादी मागच्या सीटवर बसेना, कारण तिथं टाकी होती. मग गादी दुकानातल्या स्टुलावर गेली.

परवानगी यायला वर्ष गेलं. डिसेंबरात, एका कारखान्याच्या खासगी धावपट्टीवरून, काका उडाला. सकाळी थंडी भयंकर होती. मावशी शाल घेऊन उभी, गुडघे धरलेले. वीस मिनिटांनी तो सुखरूप उतरला आणि हसतच खाली आला. “पाय कसे गरम होते म्हनता! काई थंडी नाई.”

जमलेल्यांत त्याचे जुने वर्कशॉपवाले दोस्त खुशालराव होते. त्यांनी मावशीला विचारलं, “मंग वैनी, तुमचा नंबर कवा?”

काकानं तिला बोलूच दिलं नाही. “तिले भेव वाटते,” तो म्हणाला.

मी तोंड उघडणार तोच मावशीनं माझं मनगट धरलं.

“हो भाऊ,” ती म्हणाली. “मले भेव वाटते.”

मग गुडघे दाबत विमानाच्या शेपटीकडे गेली, कारण ते धावपट्टीच्या कडेच्या शेडपर्यंत ढकलत न्यायचं होतं.