यात्रेला निघालेली माणसं

"ऐसा नहीं था," ती हळूच म्हणाली. म्हणाली शेजारच्या बाईला, पण मी मागच्याच खुर्चीवर होते, म्हणून मला ऐकू आलं.

समोर तालीम चालली होती. डोक्यावर गाठोडं, पाय अनवाणी, कडेवर उशीचं बाळ, अशी एक मुलगी हुंदके देत हॉलच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालली होती. ही मुलगी म्हणजे नाटकातली 'ती'. खरी ती माझ्या पुढच्या रांगेत बसून शेंगदाणे सोलत होती.

"काय नव्हतं असं?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"गठरी नहीं थी. सूटकेस थी, चाकवाली. और इतना कौन रोता है?"

आमच्या गल्लीत सगळ्या तिला भाभी म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायचे. जळगावच्या सिंधी वस्तीला लागूनच आमची गल्ली. त्या वस्तीतली बहुतेक घरं फाळणीच्या वेळी आलेली, आता आमच्याइतकीच इथली. भाभीचं कुटुंब त्यांतलं नव्हतं. मी शाळेत असताना ती, तिचा नवरा, दोन मुलं आणि सासू सिंधमधल्या एका गावातून इथं आली. गावाचं नाव तिनं कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

ती घरी पापड लाटायची. मे महिन्यात सगळं जळगाव पंख्याखाली आडवं होऊन उन्हाला शिव्या घालत असे, तेव्हा भाभी गच्चीवर उभी राहून म्हणायची, "अच्छी धूप है." आमच्या उन्हाचं कौतुक करणारं दुसरं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. मराठी ती अहिराणी बोलणाऱ्या भाजीवाल्यांकडून शिकली. त्यामुळे तिची बरीच वर्षं अशी समजूत होती की 'शे' हेच मराठी आणि 'आहे' हे शाळेत शिकवायचं काहीतरी. एकदा बँकेत साहेबांपुढं तिनं मोठ्या आदबीनं विचारलं, "साहेब, मन्हं काम व्हयनं का?" साहेब धुळ्याकडचे निघाले. काम झालं.

'ऐसा नहीं था' हे तिचं नेहमीचं वाक्य. माझी आई म्हणाली, मागच्या वर्षी पापडात मिरी जास्त होती, तर "ऐसा नहीं था". टीव्हीवर कुणी पाकिस्तानातल्या हिंदूंबद्दल तावातावानं बोलायला लागलं, तर "ऐसा नहीं था". आणि दुसरा कुणी तिकडे सगळं छान आहे म्हणाला, की पुन्हा तेच. मग कसं होतं, हे मात्र ती कुणी विचारल्याशिवाय सांगत नसे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. चूक काढतात, पण बरोबर काय ते स्वतःपाशी ठेवतात.

तिला विचारलं ते आबांनी. आबा धुळ्याचे, एसटीतून निवृत्त झालेले. वस्त्यावस्त्यांमधून तिथल्याच लोकांना घेऊन, तिथलीच गोष्ट ते नाटकात बसवतात. त्यांची एक रीत होती. ज्याच्यावर गोष्ट गुजरली, त्यानं तालमीला समोर बसायचं आणि खोटं वाटलं की 'थांबा' म्हणायचं. मग सगळ्यांनी थांबायचं, आबांनीसुद्धा. मी त्या मंडळात होते ते मराठी टाइप करता येतं म्हणून आणि विंगेत संहिता धरून बसायला कुणीतरी लागतं म्हणून. माझी शाळा इंग्रजी. चार माणसांपुढं मराठीत वाक्य सुरू केलं की ते कुठं संपेल याची मला खात्री नसते, म्हणून मी सहसा सुरूच करत नाही.

भाभीच्या नवऱ्यानं नाटकाला होकार देताना अट घातली होती. नाव घ्यायचं नाही, ना गावाचं, ना माणसांचं. तिकडे अजून ओळखीचे लोक आहेत, त्यांना त्रास नको. आबांनी लगेच मान्य केलं.

तर त्या दिवशी आबांच्या कानावर भाभीचं बोलणं गेलं. "बठ्ठा थांबा," ते म्हणाले. मग गाठोड्यावाल्या मुलीकडे वळले. ती नशिराबादहून बसनं यायची आणि रडायचं काम अगदी मनापासून करायची. "काबरं रडी ऱ्हायनी व माय? जिनी गोष्ट शे, तिले तं इचार."

भाभी उठली. ओढणी सारखी केली. शेंगदाण्याची टरफलं रुमालात बांधून खुर्चीवर ठेवली आणि सांगायला लागली.

ते तीर्थयात्रेच्या व्हिसावर आले होते. हरिद्वारला जातो म्हणून. परत जायचं नाही हे फक्त नवरा-बायकोला माहीत होतं. सरहद्दीवर तपासणीच्या टेबलापाशी रडून कसं चालेल? यात्रेला निघालेली माणसं खुशीत असतात. म्हणून तिनं नवा सलवार-कमीज घातला होता, हातात मिठाईचा डबा होता, आणि ती हसत होती. "इतना हँसी, इतना हँसी, कि जबड़ा दुखने लगा."

गाठोडं गेलं. आता हसायची तालीम सुरू झाली, आणि ती रडण्यापेक्षा कठीण निघाली. नशिराबादची मुलगी टूथपेस्टच्या जाहिरातीसारखी हसायची. एकजण तपासनीस व्हायचा, तो तिच्याकडे बघून स्वतःच फिस्सकन हसायचा. शेवटी भाभी पुढं गेली, टेबलावर कोपर टेकलं आणि म्हणाली, "हरिद्वार जा रहे हैं साहब. सासूजी की मन्नत है." इतकं साधं, इतकं गोड हसली, की मलाही क्षणभर वाटलं, जाऊ देत बाई यांना, यात्रेलाच निघालीत. मग तिचा टेबलाखालचा हात दिसला. कमीजची कड तिनं मुठीत धरून ठेवली होती.

"आणि सासूबाई?" आबांनी विचारलं. "त्या कशा हसायच्या?"

"वो सच में हँस रही थी. उसको बताया ही नहीं था."

सगळा हॉल हसला. भाभीही हसली. सासूला खरंच वाटत होतं की आपण गंगेला निघालो. जळगाव स्टेशनवर उतरल्यावर तिनं पहिला प्रश्न केला, गंगा कुठंय?

"मग?"

"फिर क्या. पहले हरिद्वार ले गए, बाद में घर ढूँढा."

नाटक असं पुढं सरकत गेलं. अडलं ते शेजारणीपाशी.

तिकडे भाभीच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान शेजारीण राहायची. भाभी तिला अदी म्हणायची, म्हणजे ताई. दोघींची मुलं एकाच अंगणात वाढलेली. निघायच्या आदल्या संध्याकाळी अदी आली आणि म्हणाली, तिकडून माझ्यासाठी काचेच्या बांगड्या आण. भाभी म्हणाली, आणते. तिच्या हाताचं मापही घेतलं. "सबसे झूठ बोला," भाभी म्हणाली, "पर माप सिर्फ उसका लिया."

इथं आल्यावर तिनं एकदाही फोन केला नव्हता. नंबर होता. आधी भीतीनं केला नाही, आपल्यामुळं तिच्याकडे चौकशी होईल म्हणून. भीती गेली तेव्हा लाज उरली. "वो क्या बोलेगी, बस वही सुनना है," भाभी म्हणाली. नाटक करायला ती तयार झाली होती ती एवढ्यासाठी. नाटकात तिला अदीला खरं सांगायचं होतं, आणि अदी काय म्हणेल ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

आबांनी तो प्रसंग बसवायला घेतला. अदी झालेल्या कॉलेजच्या मुलीनं भाभीला मिठी मारली आणि "सरहदें दिलों को नहीं बाँट सकतीं" वगैरे म्हणाली. टाळ्या पडल्या.

"थांबा," भाभी म्हणाली. "ऐसा नहीं बोलेगी वो. इतनी जल्दी माफ नहीं करती. एक बार मैंने उसकी मुर्गी को दगड मारला, आठ दिन बात नहीं की."

मग मुलीनं रागावून पाहिलं. "थांबा. इतना भी नहीं." मग ती नुसती रडली. "थांबा. रोना उसको आता ही नहीं." आबांनी संहितेतलं ते पान माझ्याकडून मागून घेतलं, अदीची वाक्यं खोडली आणि म्हणाले, "जागा रिकामी ठेवूत. देखणाऱ्यातून कोन्हीबी उत्तर दी."

म्हणजे शेवटी असं ठरलं की भाभीनं स्वतः पुढं यायचं, रिकाम्या खुर्चीशी बोलायचं, आणि प्रेक्षकांतून ज्याला वाटेल त्यानं अदी होऊन उत्तर द्यायचं. नवरा म्हणाला, लोकांपुढं उभी राहशील? ती म्हणाली, टेबलापुढं राहिले होते की.

पहिला प्रयोग धुळ्यात झाला. उत्तरं भरपूर आली. एका आजीबाईंनी उभं राहून भाभीला पोटभर आशीर्वाद दिले. एका गृहस्थांनी दोन्ही देशांच्या सरकारांना चार शब्द सुनावले. मागून एकजण ओरडला, "बांगड्या कुरियर करी दे ना भाभी!" सगळे हसले, तीही हसली. पण प्रत्येक उत्तराला तिनं मान हलवली. नाही. असं नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीपाशी बसली होती. पारोळ्यापर्यंत शेंगदाणे सोलत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू तो मुझसे भी कम बोलती है. तुझे क्या लगता है, क्या बोलेगी वो?"

मी खांदे उडवले. तिनं माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले.

आता ती इथं राहत नाही. मुलाला उल्हासनगरला दुकान मिळालं, सगळे तिकडे गेले. त्यांच्या घरात आता शिकवणीचे वर्ग भरतात, आणि गच्चीवर उन्हाळ्यात काहीच नसतं. तिनं पुढं कधी अदीला फोन केला का, मला माहीत नाही. आई म्हणते, विचार की तिला. विचारीन.

मला माहीत आहे ते दुसऱ्या प्रयोगाचं. तो आमच्याच वस्तीत, मंगल कार्यालयाच्या अंगणात झाला. संध्याकाळ होती, खुर्च्या भरल्या होत्या, ओळखीची माणसं मागे उभी होती. सरहद्दीवरचा प्रसंग छान झाला. नशिराबादची मुलगी आता अगदी भाभीसारखी हसायला लागली होती. मग भाभी पुढं आली. रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि ठरलेलं बोलली. अदी, मी यात्रेला नव्हते निघाले. मला परत यायचंच नव्हतं. बांगड्यांचं माप मी उगाच घेतलं.

इथं ती थांबायची आणि आबा प्रेक्षकांकडे वळायचे. पण ती थांबली नाही. संहितेत पुढं काहीच नव्हतं. मी पान उलटून पाहिलं, कोरं होतं.

"सुबह मैं तेरे दरवाजे पर आयी थी," ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला की पुढच्या रांगेला तरी ऐकू आला असेल की नाही. "दो बार खटखटाया. अंदर तू थी. चूल्हे का धुआँ आ रहा था. तूने खोला नहीं. रिक्शावाला हॉर्न बजा रहा था. अदी, क्यों नहीं खोला?"

हे तिनं तालमीत कधी सांगितलं नव्हतं. आबांनाही नाही, नवऱ्यालाही नाही. तो दुसऱ्या रांगेत अर्धवट उठला होता. आबा प्रेक्षकांकडे वळले. धुळ्यासारखं इथं परकं कुणी नव्हतं, ही सगळी तिच्याकडून पापड घेणारी माणसं. त्यांनी माना खाली घातल्या. भाभी खुर्चीकडे बघत उभीच राहिली.

मी विंगेत होते. दार आतून धरून बसणाऱ्या माणसाला बाहेरचा प्रत्येक आवाज ऐकू येतो, हे मला चांगलं माहीत आहे. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत तेच करते. दार न उघडणं म्हणजे दर वेळी राग नसतो. कधी कधी समोरच्याचा चेहरा बघायचा नसतो, त्याच्याच सोयीसाठी.

मी संहिता स्टुलावर ठेवली आणि चालत जाऊन त्या खुर्चीवर बसले. लोक दिसत होते. भाभीनं माझ्याकडे पाहिलं. वाक्य कुठं संपेल ते मला माहीत नव्हतं, तरी मी सुरू केलं.

"मला कळलं होतं," मी म्हणाले. "दार उघडलं असतं, तर तुला माझ्याशी अजून एकदा खोटं बोलावं लागलं असतं."