काकांचा वॉर्ड

जगाच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडलं तरी ज्यांचा वॉर्ड बदलत नाही, अशी माणसं फार नसावीत. मी तरी एकच पाहिला आहे, आमच्या शेजारणीचे वडील. मॉरिसव्हिलमध्ये राहून इंग्लंडातल्या एका शहराच्या नगरपालिकेच्या निकालासाठी ऑफिसातून रजा घेणारा अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनात मी एकटाच असेन, पण ती रजाही मी घेतलेली नव्हती. ती काकांनी परस्पर ठरवून टाकली होती. एका संध्याकाळी मागच्या डेकवर मी झाडांना पाणी घालत होतो, तेव्हा पलीकडच्या डेकवरून आवाज आला, "शुक्रवारी तुला सुट्टी आहे."

"कसली सुट्टी, काका?"

"मतमोजणी आहे," ते म्हणाले आणि आत गेले. दिवाळी आहे, असं सांगावं तसं.

काका मूळचे साताऱ्याचे. तरुणपणी ते इंग्लंडला गेले ते मधल्या भागातल्या एका कारखानदारीच्या शहरात रुजले आणि तिथल्या बस डेपोत निवृत्त होईपर्यंत वेळापत्रकं बनवत राहिले. काकू गेल्यावर तीन वर्षांपूर्वी लेकीने, म्हणजे आमच्या शेजारच्या मेघनाने, त्यांना इकडे आणलं. तिकडचं घर विकलं. दोन बॅगा, काकूंचा फोटो आणि शहराचा एक भलामोठा घडीचा नकाशा एवढं सामान घेऊन काका अमेरिकेत उतरले, पण अमेरिका हा देश आहे हे त्यांनी कधी फारसं मनावर घेतलं नाही. आमच्याकडे अध्यक्षीय निवडणुकीचा धुरळा उडत होता, टीव्हीवर माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती, पार्टीत मित्र मित्रांशी बोलेनासे झाले होते. काका या सगळ्याकडे लग्नाच्या वरातीकडे बघावं तसं बघत आणि मधेच विचारत, "हे सगळं ठीक आहे रे, पण रस्त्यावरचे खड्डे कुणाकडे?" माणसाला देश लागतो तो पासपोर्टपुरता, बाकी राहायला वॉर्ड लागतो, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या जुन्या गल्लीत कचऱ्याचा हिरवा डबा कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायचा हे त्यांना इथे बसून पाठ होतं. आमचा स्वतःचा रिसायकलिंगचा दिवस मात्र मी त्यांना दर आठवड्याला सांगायचो. तिकडच्या एका कोपऱ्यावर फरशी उखडली आहे अशी तक्रार त्यांनी मॉरिसव्हिलमधून, तिकडून मागवलेल्या फोटोसकट त्या नगरपालिकेला केली होती. पंधरा दिवसांत फरशी बसली. काकांनी पेढे वाटले.

तिकडे असताना ते हौसेने घरोघर प्रचाराला जात. पक्ष कुठलाही असो, माणूस कामाचा वाटला की काका त्याच्यासाठी बाहेर पडत. प्रचाराचं त्यांचं शास्त्र होतं आणि ते आम्हाला सक्तीने शिकावं लागलं. हिरवळीवर पाय टाकायचा नाही. फाटक उघडलं तर लावून घ्यायचं. कुणी चहा दिला तर घ्यायचा, पण चहा म्हणजे मत समजायचं नाही. दाराला टपालासाठी ठेवलेल्या फटीतून पत्रक टाकताना आत कुत्रं टपून बसलेलं असतं, म्हणून बोटं न घालता पत्रक लाकडी उलथन्याने ढकलायचं. हे उलथनं त्यांनी अमेरिकेतही आणलं होतं. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची पत्रकं वाटायचं काम त्यांनी एकदा उत्साहाने अंगावर घेतलं. आमच्या दारांना फटी नसतात, तेव्हा त्यांनी ती सगळ्यांच्या मेलबॉक्समध्ये घातली. दुसऱ्या दिवशी टपाल वाटणारी बाई पत्रकांचा गठ्ठा घेऊन दारात हजर. मेलबॉक्समध्ये तिकिटाशिवाय काही घालणं कायद्याने चालत नाही, हे तिने कमरेवर हात ठेवून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, तिला आत बोलावून मोदक दिला आणि तिच्या रोजच्या फेरीत घरं किती, कुत्री किती, हे विचारून घेतलं. तेव्हापासून ती त्यांना लांबूनच हात करते.

मंडळात तर त्यांनी लोकशाहीचा कहर केला. सहलीला श्रीखंड की गुलाबजाम, असा साधा प्रश्न होता. यापूर्वी तो व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांत सुटत असे. काकांनी गुप्त मतदान ठेवलं, बुटांच्या खोक्याला भोक पाडून मतपेटी केली, कोपऱ्यात ओढणीचा आडोसा केला आणि मोजणीला दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी बसवले. एका चिठ्ठीवर श्रीखंडासमोर हसरा चेहरा काढलेला निघाला. काकांनी चष्मा पुसला, चिठ्ठी उजेडात धरली आणि निर्णय दिला, "मतदाराचा हेतू स्पष्ट आहे. मत ग्राह्य." माझ्या आठ वर्षांच्या मुलीने 'पिझ्झा' असं लिहिलं होतं. ते त्यांनी त्याच गंभीर आवाजात वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बाद मत. एक."

"दॅट्स नॉट फेअर, आजोबा!" मुलगी रडवेली झाली.

"बाद झालं तरी मोजलं ना?" काका तिच्यासमोर गुडघ्यावर बसून म्हणाले. "तू आलीस, हे लिहून ठेवलंय."

आता त्या शुक्रवाराबद्दल. काकांच्या तिकडच्या घराला भिंत लावून डोरीन नावाच्या बाई राहत. काका त्यांना 'डोरीनबाई' म्हणत. तोंडावरसुद्धा. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, सडसडीत, मोठ्याने हसणाऱ्या. काकू आणि त्या दर मंगळवारी वॉर्डातल्या छोट्या वाचनालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या. काकूंचं इंग्रजी बेताचं होतं, म्हणून डोरीनबाई वाचायच्या आणि काकू प्राण्यांचे आवाज काढायच्या. काकू गेल्या, काका इकडे आले, डोरीनबाई एकट्याच वाचत राहिल्या. मग गेल्या वर्षी वाचनालय बंद करायचा प्रस्ताव आला. बाई फोनवर काकांजवळ रडल्या. काकांनी रडू दिलं आणि मग म्हणाले, "डोरीनबाई, तुम्ही उभ्या राहा."

सत्तरीच्या उंबरठ्यावरची बाई, ना पक्ष ना पैसा. त्यांनी महिनाभर नाही म्हटलं. काका महिनाभर रोज फोन करत राहिले. शेवटी बाईंनी स्वतःच्याच डेंटिस्टविरुद्ध अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि मेघनाच्या डायनिंग टेबलावर तो घडीचा नकाशा उलगडला तो निकाल लागेपर्यंत मिटला नाही. घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवायला लागली. काका रोज सकाळी आंघोळ करून, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून फोनला बसत. त्यांना माणसं नावाने नाही, बसथांब्याने आठवत. "हा लायब्ररीच्या थांब्यावरचा, नेहमी सुटे पैसे नसायचे याच्याकडे." एका गृहस्थाने सांगितलं की आपण जन्मभर दुसऱ्याच पक्षाला मत देत आलो. काका त्याच्याशी तासभर त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलले आणि फोन ठेवून म्हणाले, "अर्धं मत मिळालं."

"अर्धं कसं, काका?"

"त्याची बायको देणार आहे."

एवढं करून त्यांचं स्वतःचं मत नव्हतं. शहर सोडलं की तिथल्या नगरपालिकेचं मत जातं, आणि इथे तर ते नागरिकच नाहीत. मी एकदा हे बोलून गेलो, तर ते नकाशावरची घडी सारखी करत राहिले.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी लॅपटॉप घेऊन गेलो. तिकडे दुपार झाली होती. मेघना ऑफिसला निघाली होती. तिने जाताजाता मला डोळ्यांनी 'सांभाळ' म्हणून सांगितलं. काकांनी टाय लावला होता. त्यांनी पोहे केले होते, पण मीठ विसरले होते आणि आम्ही दोघांनीही ते तसेच खाल्ले. नगरपालिकेच्या पानावर एकेका वॉर्डाचा निकाल पडत होता. प्रत्येक वॉर्डाला काकांकडे एक बस होती. कोण जिंकलं हे मी सांगायचो, कुठल्या बसने तिथे जायचं ते काका सांगायचे. हळूहळू सगळे वॉर्ड भरले. काकांचा तेवढा कोरा राहिला.

नऊच्या सुमाराला डोरीनबाईंचा फोन आला. "पुन्हा मोजतायत," एवढंच बोलल्या. दहाला पुन्हा फोन. आणखी एकदा मोजणार होते. काका खोलीत येरझारा घालू लागले. साडेदहाला तिसरा फोन आला तेव्हा बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दोघांना सारखी मतं आहेत. आता चिठ्ठी काढणार. मी फोन चालू ठेवून पर्समध्ये टाकते. ऐक."

आम्ही दोघं टेबलावरच्या त्या फोनवर वाकलो. पर्सच्या आत काहीतरी खुळखुळत होतं, बहुधा किल्ल्या. लांबून एका माणसाचा सावकाश आवाज येत होता, पण शब्द लागत नव्हते. मग सगळं शांत झालं. आणि मग टाळ्या. खूप टाळ्या. काकांनी माझा दंड घट्ट धरला. "कुणासाठी रे? कुणासाठी?" मला काय कळणार? टाळ्या सगळ्यांसाठी सारख्याच वाजतात. मिनिटभर आम्ही तसेच उभे होतो. मग पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

"हरले," डोरीनबाई म्हणाल्या. "तो निवडून आलेला डेंटिस्ट पांढराफटक पडलाय. त्याच्या खुर्चीत बसून मी दोनदा घाबरलेय, आज त्याची पाळी आहे. त्याला आधी चहा पाजते, मग तुला फोन करते."

काका "हो, हो" म्हणाले. फोन ठेवला. टाय सोडला. मग नकाशाच्या मधोमध, जिथे त्यांचं घर होतं तिथे बोट ठेवून म्हणाले, "एक मत."

मी लॅपटॉप मिटला.

"माझंच," ते म्हणाले.

त्यानंतर आठवडाभर काका डेकवर आले नाहीत. मेघनाने मला सांगितलं की एका दुपारी तिने त्यांना सरळच विचारलं, "बाबा, मी तुम्हाला आणायला नको होतं का? परत जायचंय तुम्हाला?" ते म्हणाले, "तुझी आई असती तर तिने मला इकडेच पाठवलं असतं. पण तिने आधी मत द्यायला लावलं असतं." मग ते उठले आणि त्यांनी टेबलावरच्या नकाशाची घडी घातली. मेघना हे सांगताना रडत होती आणि हसतही होती.

पुढे डोरीनबाईंचे फोन येत राहिले. त्या डेंटिस्टने त्यांना घरी येऊन विचारलं होतं की हे वाचनालयाचं नेमकं प्रकरण काय आहे. बाईंनी त्याला मंगळवारी नेऊन लहान खुर्चीवर बसवलं आणि प्राण्यांचे आवाज काढायला लावले. वाचनालय पूर्ण वाचलं नाही. आठवड्यातले तीन दिवस वाचले. मंगळवार त्यात आहे.

हे कळल्यावर काका पुन्हा डेकवर आले. काही दिवसांनी मला म्हणाले, "इथल्या टाउन कौन्सिलच्या सभेत कुणालाही बोलता येतं म्हणे. मी फोन करून विचारलं. नागरिक नसलं तरी चालतं. इथे मला मत नाही, पण तीन मिनिटं आहेत."

संध्याकाळी सहाच्या सभेला मी त्यांना घेऊन गेलो. हॉलमध्ये पंधरावीस माणसं होती. काकांचं नाव पुकारलं, ते पुढे गेले, चष्मा लावला आणि खिशातून कागद काढून वाचू लागले. वाचनालयाजवळच्या बसथांब्यावर एक बाक बसवावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. म्हाताऱ्या माणसांना पुस्तकं हातात घेऊन उभं राहायला जड जातं. बाक कुठे असावा, त्याचं तोंड कुठल्या दिशेला असावं म्हणजे येणारी बस दिसते, हे त्यांनी बारकाईने सांगितलं. समोरची माणसं लिहून घेत होती. एकीने विचारलं, "सर, तुम्ही पूर्वी हेच काम करत होतात का?" काका म्हणाले, "हो. दुसऱ्या शहरात." घड्याळावर चाळीस सेकंद शिल्लक होते. ते तसेच उभे राहिले, आणखी काही आठवतंय का ते बघत, आणि मग "थँक यू" म्हणून परत येऊन माझ्या शेजारी बसले.

परत येताना आम्ही सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तू इथला नागरिक झालास ना रे?"

"हो. तीन वर्षं झाली."

"म्हणजे या कौन्सिलला तुझं मत आहे."

"आहे."

"मागच्या वेळी कुणाला दिलंस?"

मी काहीतरी सांगणार होतो. ऑफिसात नवं सॉफ्टवेअर चालू करायचं होतं, मुलीला ताप होता, असलं काहीतरी. पण त्या माणसाशेजारी बसून ते तोंडातून निघेना. "दिलं नाही, काका," मी म्हणालो. सिग्नल हिरवा झाला. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण ते रागावले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत राहिले. संध्याकाळच्या उजेडात एकेक घर, एकेक दार मागे जात होतं.

"पुढची कधी असते?" त्यांनी विचारलं.

"नोव्हेंबरात."

"मी येईन तुझ्याबरोबर. आत येऊ देतात का?"

"आत नाही, काका. तुम्हाला बाहेर थांबावं लागेल."

"थांबेन की," काका म्हणाले.